आग्नेय कोपऱ्यातला काप

माझ्या साडूने मला फसवलं. त्याच दिवशी, त्याच जागी त्याने एका डॉक्टरबाईंना आणि त्यांच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनाही फसवलं. पण ते दोघं सज्जन आहेत, तो घरी आला की अजूनही त्याला चहा विचारतात. मी तेवढा सज्जन नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. दुबईत माझ्याआधी आला, त्यामुळे इथलं सगळं त्यानेच शोधून काढलं असं त्याचं मत आहे. कुठल्या रस्त्याला गर्दी नसते, कुठल्या दुकानात कोथिंबीर ताजी मिळते, सगळं. व्हिलांच्या वाढीव खोल्या, गाड्यांचे मांडव, बाथरूमची मोडतोड अशी कामं तो घेतो. हातात कायम दोन फोन. एकावर गिऱ्हाइकाला 'उद्या नक्की' म्हणतो, दुसऱ्यावर मुकादमाला 'उद्या नको'. बोलणं इतकं गोड की त्याच्याशी भांडून आलेला माणूस गाडीत बसल्यावर विचार करतो, आपण नक्की जिंकलो की हरलो?

मी वॉटरप्रूफिंगवाला. अल कुसैसला माझं गोदाम आहे. आलो तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली गच्च्यांवर डांबरी शीटचे रोल वाहून नेत होतो, तेही अशा उन्हात की रोल खांद्यावरच मऊ पडायचा. मग शीट लावायला शिकलो, मग माणसं ठेवली, मग कंपनीची पाटी लावली. मला कुणी हात दिला नाही. दिला असता तर त्याने तो जन्मभर ऐकवला असता, तेव्हा झालं ते बरंच. भाव करण्यात मात्र माझा हात धरणारा मला इथे अजून भेटलेला नाही. सप्लायर मला बघून आधी चहा सांगतो आणि मग कपाळाला हात लावतो.

तर डॉक्टरबाईंचं काम. त्यांचं घर व्हिलांच्या एका जुन्या वसाहतीत आहे. नवरा जहाजांच्या कामानिमित्त वर्षातले बरेच महिने बाहेर, मुलगी परदेशात शिकते, घरात बाई आणि सासरे. सासरे एसटीत कंट्रोलर होते. सगळी नोकरी स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेली. आता मात्र फुप्फुसं थकलेली. दोन वाक्यं बोलले की थांबून श्वास घेतात आणि मग तिसरं वाक्य बोलतातच. झोपायच्या खोल्या सगळ्या वर. जिना चढणं त्यांना जमेना, म्हणून ते हॉलमधल्या सोफ्यावर झोपत. घरात कुणी रात्री पाणी प्यायला उठलं की त्यांची झोप मोडायची, सकाळी मोलकरीण आली की अंथरूण गुंडाळायचं. त्यांना स्वतःची खोली हवी होती. दार लावून घेता येईल अशी, एवढंच. म्हणून घराच्या पश्चिमेला, जुन्या भिंतीला लागून, तळमजल्यावर एक खोली वाढवायचं ठरलं. बांधकाम साडूकडे आलं.

यात माझा प्रवेश झाला तो डॉक्टरबाईंच्या मुलीमुळे. सुट्टीला येताना ती एक छोटं यंत्र घेऊन आली होती, हातात मावेल एवढं. ते हवेतला रेडॉन मोजतं. रेडॉन हा जमिनीतून, दगडातून निघणारा वायू. रंग नाही, वास नाही. उघड्यावर वाऱ्यात विरून जातो, त्याची कुणाला भीती नाही. बंद घरात मात्र साचतो आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला की फुप्फुसांना बाधतो. आता आमची इथली घरं म्हणजे झाकण घट्ट लावलेले डबे. बारा महिने एसी, बारा महिने खिडक्या बंद. तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत यंत्राने जो आकडा दाखवला तो मुलीला आवडला नाही. ती म्हणाली, आजोबांची खोली बांधताय ना, मग जमिनीवर आधी बॅरिअर शीट टाका, नाहीतर बांधू नका. डॉक्टरबाईंनी साडूला सांगितलं, साडूने मला.

"पाव्हणं, रेतीत कसला आलाय वायू?" साडू फोनवर हसला. "पण बाई ऐकत नाहीत. तुम्ही काहीतरी प्लास्टिक अंथरून द्या."

"काहीतरी प्लास्टिक अंथरायचं असेल तर सुपरमार्केटमधून आणा. मी अंथरलं तर गॅरंटी लिहून देतो, आणि गॅरंटी माझ्या नावाची असते."

"चिडताय कशाला? भाव बोला."

मी भाव बोललो. त्याला सवय आहे, मी दिरहम सांगितले की तो लगेच मोठ्याने रुपयांत सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला घेरी यावी. मला घेरी येत नाही. बराच वेळ ओढाताण झाली.

"किती ताणता, पाव्हणं? आपल्यातच आहे."

"आपल्यातच आहे म्हणून ताणतोय. परक्याशी मी गोड बोलतो."

शेवटी मी उतरलो. जन्मात कुणासाठी उतरलो नाही तेवढा उतरलो, पण त्याच्या बदल्यात एक अट घातली. शीट टाकल्यापासून काँक्रीट पडेपर्यंत माझ्या परवानगीशिवाय ती कुणी कापायची नाही, तिच्यावर काही ठोकायचं नाही, आणि काँक्रीट पडताना मी तिथे उभा असणार.

"इन्शाल्ला," साडू म्हणाला.

"इन्शाल्ला नको. हो म्हणा."

"हो म्हटलं, हबीबी. खलास."

आता कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं भांडण त्यावर आहे. खोलीच्या मधोमध शीट टाकणं म्हणजे सतरंजी अंथरणं, कुणीही करेल. कसोटी लागते ती कडेला, आणि कडेतही जिथे नवं काम जुन्या भिंतीला भेटतं तिथे. तीन बाजूंच्या भिंती नव्या, त्यांच्याखालून शीट सरळ बाहेर काढता येते. चौथी भिंत घराची, आधीच उभी. तिच्याखाली जाता येत नाही. मग शीट तिच्या अंगावर चढवायची. त्या भिंतीवर जुना रंग, रंगाखाली प्लास्टर, प्लास्टरखाली इथल्या खाऱ्या ओलीने फुललेली मिठाची पांढरी पूड. अशा भिंतीला काहीही चिकटवा, दोन उन्हाळ्यांत सुटून येतं. म्हणून मी खालचं प्लास्टर आतल्या सिमेंटच्या ठोकळ्यापर्यंत उतरवून घेतलं, भिंत घासून घेतली, पूड झाडली, प्रायमर लावला, तो वाळू दिला. इथे माणसं घाई करतात. साडूने दिवसभरात तीनदा विचारलं, वाळला का. मी म्हटलं, पापड नाहीत ते.

मग शीट भिंतीवर वळवली, दुहेरी चिकटपट्टीने दाबली, वरून धातूची पट्टी स्क्रूने आवळली आणि पट्टीच्या माथ्यावर फट बुजवायला सीलंट भरलं. वळणाच्या जागी मुद्दाम एक घडी सैल ठेवली. कारण जुनं घर बसायचं तेवढं बसून झालेलं असतं, नवी खोली अजून बसायची असते. ती कणभर खाली गेली तर शीटला ताण न येता घडी उलगडावी, यासाठी. कोपरे सगळ्यात कटकटीचे. दोन भिंती आणि जमीन एका बिंदूत येतात. तिथे कात्री जेवढी कमी चालवावी तेवढं चांगलं. कापायचं नाही, वाणी पुडी बांधतो तसं दुमडून घ्यायचं. जुन्या भिंतीला लागून असलेला आग्नेय कोपरा मी कामगारांना दिला नाही. गुडघे टेकून स्वतः केला.

सासरे रोज खुर्ची टाकून बघायला बसत. मी दिसलो की छातीवर हात ठेवून, दम घेत, जुन्या आवाजात घोषणा करत.

"प्लास्टिकवाले... फलाट क्रमांक दोनवर... येत आहेत."

"बाबा, प्लास्टिक नाही ते," मी म्हणायचो. "गॅस अडवायची शीट."

"माझ्या पोटातला अडतो का बघा... सगळ्यांची सोय होईल."

त्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा हे त्यांनी मला शीटवरच दाखवलं होतं. बूट काढून, मोज्यांनी चालत. खिडकी इथे, पलंग तिथे, रेडिओ उशाशी. आणि दाराला आतून कडी. कडीवर त्यांचा फार जोर होता.

काम झाल्यावर धुराची चाचणी घेतली. शीटखाली पाइप घालून धूर सोडतात आणि वर कुठे सुटतो ते बघतात. बाबांना आम्ही काचेच्या दाराआड बसवलं होतं. धूर सोडला. मी बॅटरी घेऊन जुन्या भिंतीच्या कडेकडेने ओणवा फिरलो. कुठेही, एका केसाइतकाही धूर नाही. डॉक्टरबाईंनी स्वतः वाकून पाहिलं. साडूने पाहिलं. म्हणाला, "एक नंबर." हे त्याने डॉक्टरबाईंसमोर म्हटलं, हे लक्षात ठेवा.

काँक्रीट शनिवारी ठरलं. शुक्रवारी साडूचा फोन आला, आवाजात साखर.

"उद्या डॉक्टरबाईंनी छोटी पूजा ठेवलीय. तुम्ही सगळ्यांना घेऊन जेवायलाच या. काँक्रीट दुपारनंतर आहे."

"पूजा कुठे?"

"हॉलमध्ये, चौरंगावर. घरगुती."

"शीटवर कुणी जाणार नाही ना?"

"कोण जातंय? सळयांची जाळी आहे वर. तुम्ही या निवांत."

मी निवांत गेलो. सकाळ गोदामात घालवली, एका सप्लायरला त्याच्याच बिलातली चूक दाखवून खूश झालो, मग बायको-मुलीला घेऊन निघालो. वसाहतीत वळलो तर समोरून काँक्रीटचा रिकामा ट्रक बाहेर पडत होता. दारात पंपाची लांब सोंड घडी घालून ठेवत होते. खोलीत काँक्रीट पडून, सपाट होऊन, चकाकत होतं.

"ट्रक लवकर आला," साडू दोन्ही हात पसरून म्हणाला. "ट्रकला थांब म्हणता येतं का?"

"फोन करता येतो."

"अहो, गडबडीत राहिलं. चला, जेवायला चला. पुरणपोळी आहे."

मी आधी जुन्या भिंतीशी गेलो. पट्टी जागेवर, सीलंट जागेवर, शीटची वरची कड नीट. राग होता, पण थोडा खाली बसला. जेवायला बसलो. शेजारी गुरुजी होते. आठवडाभर ते ऊद मेथाजवळ एका शिपिंग कंपनीत अकाउंट्स बघतात, शनिवार-रविवार पूजा सांगतात. माणूस सरळ, बोलायला आवडणारा. कटाची आमटी भुरकत ते म्हणाले,

"आजची पूजा मनासारखी झाली हो. नाहीतर इथे फ्लॅटमध्ये वास्तुप्रतिमा फरशीखाली सिमेंटात बसवायची. मातीचा स्पर्श म्हणून होत नाही. आज झाला."

"कुठे झाला?"

"त्या नव्या खोलीत, आग्नेय कोपऱ्यात. स्लॅब पडल्यावर पुन्हा फरशी फोडायला नको म्हणून तुमच्या साडूंनीच सुचवलं, आत्ताच निक्षेप करू. जाळीतून हात घालून त्यांनी ते खालचं जाड कापलं, रेतीत खळगा केला, आपण प्रतिमेची तांब्याची डबी ठेवली."

मी घास परत ताटात ठेवला.

"कापलं?"

"हो. मी विचारलंसुद्धा, हे कापलं तर चालेल ना? म्हणाले, ज्याचं काम आहे त्याला विचारूनच कापतोय."

मी ताटावरून उठलो. मला ताटावरून उठलेलं माझ्या बायकोने लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

"साडूभाऊ, जरा इकडे या."

"आधी जेवून घ्या."

"आधी या."

आम्ही खोलीच्या तोंडाशी उभे राहिलो. मी विचारलं, कापलंत? तो म्हणाला, एवढंसं. हाताच्या दोन बोटांत अंतर दाखवलं, ते बोलता बोलता वाढत गेलं. पण लगेच बंद केलं म्हणाला, मी स्वतः टेप लावली.

"कुठली टेप?"

"ती आपली चंदेरी. एसीच्या डक्टची."

"ओल्या रेतीवर? हळदी-कुंकवाच्या हातांनी? साडूभाऊ, ती टेप डक्टवर पण धड राहत नाही."

"वर एवढं काँक्रीट आहे की. कुठे जातोय तुमचा वायू?"

"काँक्रीटला तडे जातात. म्हणून तर शीट टाकतात. काँक्रीटने भागलं असतं तर मी काय तिथे गुडघे टेकून आरती करत होतो?"

आवाज वाढला असणार, कारण हॉलमधली ताटं थांबली. डॉक्टरबाई आल्या. "काय झालं?"

साडू म्हणाला, "काही नाही मॅडम. पाव्हण्यांना पोळीत गूळ कमी पडला."

मी त्यांना झालं ते सांगितलं. सरळ सांगितलं: काँक्रीट अजून ओलं आहे. कोपऱ्यातलं दोन-चार घमेली उचलू द्या. डबी होती तशीच खाली राहील. मी वरून नवा तुकडा चिकटवतो, संध्याकाळच्या आत परत भरतो. माझ्या खर्चाने.

डॉक्टरबाईंना ते पटत होतं, मी बघत होतो. तेवढ्यात साडूने हात जोडले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, आत्ता पूजा झाली. त्याच जागेवर खोरं चालवायचं? घरात वडीलधारं माणूस आजारी आहे."

बस. एवढ्या एका वाक्याने काम झालं. बाई डॉक्टर आहेत, रोज माणसांची पोटं उघडून बघतात, पण सासऱ्यांच्या आजारपणाचा आणि पूजेचा धागा कुणी असा बांधून हातात दिला की भले भले तो तोडत नाहीत. साडूला ते ठाऊक होतं. माझ्याकडे बघून तो पुढे म्हणाला, "ह्यांचा धंदाच आहे मॅडम, घाबरवायचा."

बाबा सोफ्यावरून म्हणाले, "जेवणं उरका रे... गाडी काही सुटत नाही."

जेवणं उरकेपर्यंत पंपवाले गेले, मजूर गेले, काँक्रीट आवळत गेलं.

परत येताना गाडीत बायको म्हणाली, "अहो, ताईच्या नवऱ्याला चारचौघांत असं बोलायचं का? ताईचा चेहरा पाहिलात?"

मुलगी मागून म्हणाली, "पप्पा, इट्स जस्ट अ बॉक्स."

"बॉक्सचं माझं काही म्हणणं नाही. बॉक्सला मी नमस्कार करतो."

आणि खरंच माझं देवाशी भांडण नाही. याचाच मला जास्त संताप येतो. साडूने शीट टाकायच्या एक दिवस आधी, फक्त एक दिवस आधी मला सांगितलं असतं, तर डबी रेतीत ठेवून मी तिच्यावरून शीट नेली असती. देव मातीत, शीट देवावर, काँक्रीट शीटवर. गुरुजी खूश, यंत्र खूश. पण पूजेचं आयत्या वेळी सुचलं आणि ट्रक आधीच सांगितलेला. मला विचारलं असतं तर मी ट्रक थांबवला असता. म्हणून मला जेवणाची वेळ सांगितली.

खोली उभी राहिली. फरशी बसली, खिडकी बसली, दाराला आतून कडी बसली. बाबांचा पलंग आला. त्यांना आत हलवण्याआधी डॉक्टरबाईंनी ते यंत्र काही दिवस खोलीत ठेवलं, खिडकी-दार बंद करून. आकडा हॉलपेक्षा जास्त आला. पुन्हा ठेवलं, पुन्हा जास्त.

त्यांनी अर्थातच साडूला विचारलं. आणि साडूने काय सांगावं? म्हणाला, जुन्या भिंतीचा जॉइंट गळत असेल मॅडम, ते नाजूक काम असतं, पाव्हण्यांची माणसं घाईत होती.

डॉक्टरबाईंचा मला फोन आला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही गॅरंटी दिली होती."

मी गाडी काढली आणि गेलो. जुन्या भिंतीच्या कडेची फरशीची पट्टी माझ्या माणसांकडून सबंध उतरवून घेतली, एका टोकापासून. मागची धातूची पट्टी, सीलंट, शीटची कड, सगळं बाईंना दाखवलं. घट्ट. नख शिरत नव्हतं. आग्नेय कोपऱ्याच्या हातभर अलीकडे आम्ही थांबलो, कारण तिथे दोष दिसायचा तर जमीनच उघडावी लागणार होती.

"मग ही उघडा," बाई म्हणाल्या.

मी साडूला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "तिथे हात लावायचा नाही. वास्तुपुरुष आहे. काही बरंवाईट झालं तर जबाबदार कोण?"

बाईंनी पुन्हा माघार घेतली.

मग मी जे करायला हवं होतं ते केलं, गुरुजींना फोन केला. ऑफिसात होते, जिन्यात येऊन बोलले. मी विचारलं, डबी ठेवलेली जागा दुरुस्तीसाठी उघडता येते का?

"येते की. प्रार्थना करायची, प्रतिमा अदबीने उचलायची, काम झालं की विधीने परत ठेवायची. घरं दुरुस्त करायला शास्त्राची ना नाही." मग त्यांनीच विचारलं, "पण तुम्हाला विचारून कापलं होतं ना त्यांनी?"

"नाही."

गुरुजींनी जिन्याचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "म्हणजे मी त्यांच्या थापेवर मंत्र म्हटले. कुठलाही शनिवार सांगा, मी येतो. दक्षिणा नको."

हे मी बाईंना सांगितलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. आता उरला एकच माणूस. खोली बांधून देणारा तो, फरशी त्याची, बांधकामाची हमी त्याची. त्याच्याशिवाय दुसऱ्याने जमीन उघडली तर ती हमी संपते, हे त्याने बाईंना बजावून ठेवलंय. त्याला बोलावलं की तो येतो, चहा घेतो, बाबांना नमस्कार करतो, खोलीत जाऊन कोपऱ्याकडे बघून मान हलवतो आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणून जातो. त्याची भीती मला कळते. फरशी उचलली की चंदेरी टेप दिसणार. डॉक्टरबाईंच्या ओळखीने त्याला त्या वसाहतीत आणखी दोन घरं मिळालीत. एका टेपपायी ती जातील असं त्याला वाटतं.

बायको म्हणते, सोडा आता, ताईकडे येणं-जाणं बंद पडलंय. बहिणीला ती मला चोरून फोन करते. मी म्हटलं, चोरून कशाला, माझ्यासमोर कर. माझं भांडण ताईशी नाही.

गेल्या आठवड्यात मी बाबांना भेटायला गेलो. नव्या खोलीत इस्त्रीचा टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड उभा होता. पलंगावर गादी, गादीवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बाबा हॉलमध्ये, सोफ्यावर. मधल्या महिन्यांत ते वाळलेत. घोषणा केली नाही. मला जवळ बसवलं आणि विचारलं,

"खरं सांगा... चूक तुमची... की त्याची?"

"त्याची, बाबा."

"मग तो... माझ्याजवळ बसून... असं सांगत का नाही? मी काय... खाणार आहे त्याला?"

मी त्यांच्या पाठीमागची उशी सरळ केली. ते उत्तर माझं नाही, साडूचं आहे.

तेव्हा साडूभाऊ, आता हे तुमच्यासाठी. कटर माझा, शीट माझी, मजूर माझे, गुरुजी तयार आहेत. तुमच्याकडून मला एक दिरहम नको, माफी तर मुळीच नको. वसाहतीतली दोन्ही घरं तुमच्याकडेच राहोत, मी कुणाच्या कानात काही सांगणार नाही. तुम्ही फक्त येत्या शनिवारी तिथे या, आग्नेय कोपऱ्यातली फरशी स्वतःच्या हाताने उचला, आणि मग हॉलमध्ये जाऊन सोफ्याच्या कडेला त्या माणसाजवळ बसा. तुम्ही माझं नाव सांगून ती शीट कापलीत. कोणाला विचारलं होतंत, ते त्यांना सांगा.